नंबर सतराची आई

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधे एक जागा अशी येते की तिथे मला स्वतःलाच हसू येत नाही, आणि मग ऐकणाऱ्यांची पंचाईत होते. चहा घेतलात? घ्या. तर मी एक मूर्खपणा केला. लहानसा नाही हो. दोन महिने चाललेला, एक दिवस खाडा न करता, अगदी मन लावून केलेला मूर्खपणा!

तशी मी शिकलेली बाई आहे. एम.ए. मराठी. वर्ध्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. पुस्तकांना नंबर टाकायचे, नंबराप्रमाणे ती लावायची, चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक शोधून बरोबर जागी आणायचं, हे माझं काम. आमचे ग्रंथपाल म्हणतात, "मॅडमच्या हातून नंबर चुकला असं कधी झालं नाही." बिचारे!

घर रोहण्याला. म्हणजे नवरा, शेती, सासूबाई आणि माझी सहा वर्षांची स्वरा, सगळे रोहण्याला. मी तेवढी वर्ध्याला, नोकरी करणाऱ्या दोन मुलींबरोबर भाड्याच्या एका खोलीत. रोज जाऊन-येऊन करायचं तर एसटीतच चूल मांडावी लागली असती. म्हणून शनिवारी दुपारची बस धरून जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं. स्वराला वर्ध्याच्या शाळेत घालावं असं मला वाटत होतं. पण खोलीवर तिला सांभाळणार कोण? शेवटी ठरलं की पहिली रोहण्यालाच होऊ द्यायची. पुढचं पुढे.

"पुढचं पुढे" म्हणायला किती सोपं असतं नाही?

सोमवारी पहाटे ती झोपलेली असायची. मी तिच्या गालाला हात लावून निघायचे आणि आर्वीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचे. काही दिसायचं नाही, अंधार असायचा. तरी बघायचे.

फोन करावा तर पोरगी फोनवर बोलायची नाही. "हॅलो आई, काय करून राह्यली, जेवली का, बरं ठेवतो," एका दमात एवढं, आणि पळाली! मागून आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा आवाज यायचा, "अवं, मायशी बोल नं नीट!" तोपर्यंत ती अंगणाच्या बाहेर.

अशात शाळेत नवे सर आले. तरुण, हौशी. त्यांनी पालकांचा मोबाईलवर ग्रुप केला आणि ऑगस्टपासून एक शीट सुरू केली. वर्गातल्या प्रत्येक लेकराची एक ओळ. ओळीत जेवण, बोलणं, मूड, सरांचा शेरा, लेकराचा निरोप, आणि सगळ्यात शेवटी पालकांचं उत्तर. मूडच्या रकान्यात चेहरा असायचा: हसरा, मधला किंवा रडका. आणि निरोपाची तर कल्पनाच किती गोड! शाळा सुटायच्या आधी सर प्रत्येकाला विचारणार, "घरी काय सांगू?" आणि लेकरू जे म्हणेल ते टाइप करणार. आपण उत्तर लिहिलं की दुसऱ्या दिवशी ते लेकराला वाचून दाखवणार.

नावं मात्र नाहीत, नुसते हजेरीचे नंबर. सरांनी ग्रुपवर लिहिलं होतं, "एकाच्या लेकराचं दुसऱ्याने पाहू नये म्हणून नावं टाकत नाही. सभेत सांगितलेला नंबर सगळ्यांनी लक्षात ठेवावा."

मी ताबडतोब उत्तर टाकलं, "लक्षात आहे सर." होताच! जूनमध्ये नाव घातलं तेव्हा हजेरीत मी स्वतः पाहिलं होतं. सतरा!

सभेला मी नव्हते, आत्याबाई गेल्या होत्या. पण त्याने काय फरक पडतो? नंबर तो नंबर.

आणि मी किती संस्कारी बाई पाहा! दुसऱ्याच्या लेकराचं वाचायचं नाही म्हणजे नाही. शीट उघडली की सतराच्या खालची ओळ मी अंगठ्याने झाकून टाकायची. रोज. अगदी घट्ट.

पहिल्या दिवशीची ओळ मला अजून पाठ आहे. "जेवण: अर्धं. बोलणं: नाही. मूड: रडका. शेरा: खिचडी टाकली. निरोप: काही नाही."

पोरगी रडली! आणि आईला सांगायला तिच्याजवळ काही नाही?

मी ग्रंथालयातच लिहायला बसले. "माझ्या सोन्या, आईला तुझी खूप आठवण येते. रडू नको. खिचडी पूर्ण खा. शनिवारी मी येते आहे, राजगिऱ्याचे लाडू आणते. तुझी आई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं जेवण, रडका चेहरा, निरोप काही नाही. मी पुन्हा लिहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

शनिवारी घरी पोचले तर स्वरा आंब्याच्या झाडावरून खाली उतरत होती. गुडघा खरचटलेला, तोंडभर हसू. जवळ घेतलं नि विचारलं, "खरं सांग, शाळेत रडतेस का तू?"

"नाई वं."

"खिचडी टाकतेस?"

"नाई! मी तं दोनदा घेतो."

"सर म्हणतात तू बोलत नाहीस."

यावर आत्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "कोन? हे? हे बोलत नाई? अवं, झोपीत बोलते हे पोरगी! काल झोपीत शेजारच्या बुढीशी भांडून राह्यली होती."

आता तुम्ही सांगा, शहाण्या बाईने काय करावं? लेकरू समोर धडधाकट उभं आहे, आजी साक्षीला आहे. पण नाही! मला वाटलं, लेकरू लपवतंय. मला वाईट वाटू नये म्हणून लपवतंय. सहा वर्षांची पोर, पण किती समजूतदार! आणि आजी? त्यांना दिवसभर कामं, त्यांच्या कुठून लक्षात येणार? सरांचं कसं, तारीखवार, रकान्यात लिहिलेलं असतं.

लेकराच्या डोळ्यांपेक्षा मी रकान्यावर विश्वास ठेवला. असं शिक्षण!

जेवताना स्वरा म्हणाली, "आई, मांजरीनं पिल्लं नेली नं."

"कोणती पिल्लं?"

"तुले सांगतलं नं मंगळवारी."

"मंगळवारी मी इथे होते का बेटा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे," आणि वरणात पोळी कुस्करायला लागली.

मी मनात म्हटलं, बघा, पोरीचा वारांचासुद्धा घोळ व्हायला लागला. मानसिक ताण!

सप्टेंबरात सरांचा शेरा आला: "घरची बोली वेगळी असल्याने वर्गात बुजते. घरी वर्गातली भाषा थोडी बोलावी."

झालं! मला गुन्हेगार सापडला. मी देवळीची. माझ्या माहेरीही "काऊन"च म्हणतात, पण एम.ए. झाल्यापासून मी आपली "का बरं" म्हणते. स्वराशी मी पुस्तकातलं बोलणार, आजी वऱ्हाडीत बोलणार. लेकरू गोंधळणार नाही तर काय?

लगेच फोन लावला. "आत्याबाई, रागावू नका, पण स्वराशी जरा शुद्ध बोलत जाल का?"

"म्हंजे कसं?"

"म्हणजे पुस्तकात असतं तसं."

"माह्या बोलन्यानं काय पोटात दुखते का तिच्या?"

"तसं नाही हो. सरांनी लिहिलंय."

सरांचं नाव निघाल्यावर आत्याबाईंचा नाइलाज झाला. सरांना त्या फार मानतात. पण त्यांनी सूडही असा घेतला म्हणता! पुढच्या शनिवारी मी दारात पाऊल टाकते तो काय, आत्याबाई ओसरीवर ताठ बसलेल्या आणि स्वराला म्हणतायत, "बाळ स्वरा, आपन भोजन करनार आहात काय?"

स्वरा लोळून लोळून हसत होती. "आजी, अजून एक! अजून एक!"

"कृपया हात धुऊन यावे. वरन थंड होत आहे."

माझा नवरा बैलांना चारा टाकायचं सोडून खांबाला टेकून हसत होता. मला म्हणाला, "चार दिवसांपासून हे चालू आहे. काल मले म्हणते, 'पुत्रा, पंप सुरू केलास काय?' मी घाबरलो नं, म्हटलं मायले ताप आला का काय!"

सगळं घर हसत होतं. मला मात्र ती रडकी ओळ दिसत होती. मी नवऱ्याला मोबाईल दाखवायला गेले तर तो म्हणाला, "पोरगी घरात आहे तं तिले मोबाईलात कायले पाहू?"

आता एक कबुली देते. ती कुणाला सांगू नका. रोज संध्याकाळी शीट उघडताना मला भीती वाटायची की आज पोरगी रडली असेल. आणि त्याहून मोठी भीती, की रडली नसेल! रडका चेहरा दिसला की जीव तुटायचा, पण आत कुठेतरी बरं वाटायचं. कुणीतरी माझ्यासाठी रडतंय. दोन तासांच्या अंतरावर कुणाला तरी मी लागते आहे. फोनवर एका दमात बोलून पळणारी पोर आतून माझ्यासाठी झुरते आहे. आई म्हणून मी अजून संपलेली नाही.

किती वाईट बाई आहे ना मी? पण असं वाटायचं खरं.

मग एक दिवस निरोपाच्या रकान्यात पहिल्यांदाच काहीतरी आलं. इतके दिवस "काही नाही", "काही नाही", आणि त्या दिवशी: "आईला सांगा, मला घरी यायचं आहे."

मी मोबाईल पालथा ठेवला. समोर एक विद्यार्थी पुस्तक घेऊन उभा होता, "मॅडम, हे जमा करायचं आहे." मी ते जमा करून घेतलं की नाही, देव जाणे.

मला घरी यायचं आहे! रोहण्याच्या घरात असून घरी यायचं आहे. म्हणजे घर कोणतं? आई असेल ते! दुसरा अर्थ निघूच शकत नव्हता. निदान एम.ए. मराठीला तरी निघत नव्हता.

त्याच दिवशी मी राजीनामा लिहिला. "कौटुंबिक कारणास्तव." स्वच्छ अक्षरात. पर्समध्ये ठेवला. शनिवारी सकाळी शाळेत पालकसभा होती. ठरवलं, शनिवारची सुटी काढून शुक्रवारीच जायचं, सरांना भेटायचं, आणि सोमवारी ग्रंथपालांच्या टेबलावर राजीनामा. शीटवर लिहिलं, "सोन्या, आता आई कायमची येते आहे."

शनिवारी सकाळी मी आणि आत्याबाई शाळेत. वर्गात सतरंजीवर पंचवीसेक आया-आज्या, चार-दोन बाप. लेकरं बाहेर व्हरांड्यात, पण दारा-खिडक्यांतून अर्धी आतच. मी मुद्दाम पुढे बसले.

सर बोलायला लागले. शीटची माहिती दिली. मग म्हणाले, "पालकांचा सहभाग किती असावा याचं एक उदाहरण देतो. नंबर सतरा. दोन महिन्यांत एकही दिवस असा नाही की या आईचं उत्तर आलं नाही. आणि काय उत्तरं! मी वाचून दाखवतो तेव्हा अख्खा वर्ग गप्प होऊन ऐकतो."

मी मान खाली घातली. लोकांनी ओळखावं इतपतच खाली.

"आणि दुसरीकडे," सरांचा आवाज उतरला, "एक ओळ अशी आहे की दोन महिन्यांत एकदाही उत्तर नाही. एक शब्द नाही, साधं एक चित्रसुद्धा नाही. लेकरू रोज निरोप देते. रोज विचारते, सर, उत्तर आलं का? मी रोज सांगतो, येईल उद्या. नाव घेत नाही. आपलं आपण समजून घ्यावं."

वर्गात चुळबुळ झाली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि मी, हो, मीच, उभी राहिले! कुणी सांगितलं नव्हतं. पण दोन महिने जीव जाळलेली आई, तिला राहवतं का?

"सर, मी बोलू? मी नोकरीसाठी बाहेरगावी असते. दिवसभर काम. तरी मी वेळ काढते. आपलं लेकरू रोज वाट बघतं आणि आपण दोन ओळी लिहू नये? असे कसे पालक असतात हो? मला तर त्या लेकराची कीव येते!"

काही बायांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. सर भारावले. "म्हणजे नंबर सतराची आई तुम्हीच का?"

"हो," मी म्हटलं. एवढ्या अभिमानाने मी लग्नातसुद्धा नाव घेतलं नसेल.

तेवढ्यात मागून एक बाई उठली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. "सर, सतरा तं आमची रेवंता हाये. मी मामी तिची."

मी वळून पाहिलं. सरांनी हजेरी उघडली. बोट वरून खाली आलं. थांबलं.

"सतरा रेवंताच," सर म्हणाले. "जुलैमध्ये हिचा प्रवेश झाला. मुलींची नावं अक्षरांप्रमाणे असतात, म्हणून तिच्या खालच्या सगळ्या मुली एकेक नंबर सरकल्या. मी सभेत सांगितलं होतं. तुम्ही कोणाच्या..."

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत खिडकीच्या गजांतून एक ओळखीचा आवाज आला. मोठा, खणखणीत, वर्गात बोलत नसलेल्या मुलीचा!

"आई! अवं आई! अठरा तं मी आहो!"

सांगते, त्या वेळी सतरंजी मला पोटात घेती तर बरं झालं असतं. पंचवीस बाया माझ्याकडे बघत होत्या. टाळ्या वाजवणाऱ्या जरा जास्तच बघत होत्या. "कीव येते" हे शब्द अजून भिंतीवर आपटून परत येत होते.

मी खाली बसले आणि दातांवर दात ठेवून कुजबुजले, "आत्याबाई, सरांनी नंबर सांगितला होता सभेत?"

"सांगतला असन."

"मग मला का नाही सांगितला?"

"मले काय करायचा तिचा नंबर? मी पोरीले तोंडानं वळखतो."

एम.ए.च्या दोन वर्षांत एवढं नेमकं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

सभा संपल्यावर सर व्हरांड्यात भेटले. ते माझ्यापेक्षा जास्त शरमले होते. रेवंताचे आईवडील तिकडे जंगलाकडच्या गावात राहतात, घरी गोंडी बोलतात. शाळेसाठी पोरीला मामाकडे ठेवलं आहे. सरांना वाटलं, मामाच्या मोबाईलवरून आईच कुणाकडून तरी लिहून घेते. मामाने तर शीट कधी उघडलीच नव्हती.

"आणि तुम्ही ते तिला वाचून दाखवत होतात? माझं? 'शनिवारी येते, लाडू आणते,' ते सगळं?"

"हो."

"मग ती वाट बघायची?"

"नाही मॅडम. चौथ्या-पाचव्या दिवशीच ती मला हळूच म्हणाली, 'सर, माझी आई असं बोलत नाही.' मला वाटलं, लेकरू आहे, काहीतरी म्हणतंय. मी म्हटलं, बरं, मग नको वाचू का? तर म्हणाली, 'वाचा.'"

हीच ती जागा. इथे मला हसू येत नाही.

रेवंता खांबाआड उभी होती. तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, बारीक अंगाची. मी जवळ गेले तर तिने मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. दोन महिने जिचं ऐकलं ती बाई हीच का, हे तपासून घेतलं. मग माझ्या पर्सकडे पाहिलं. लाडूंचं तिच्या लक्षात होतं! ते घरी होते. मी स्वराला पळवलं, डबा मागवला. रेवंताने एक लाडू घेतला, अर्धा स्वराला दिला, आणि दोघी पाण्याच्या टाकीमागे पसार. दोघी म्हणे रोज शेजारीच बसतात. मला कोणी सांगेल तर ना!

मग मी शाळेच्या पायरीवर बसले आणि अंगठा बाजूला करून पहिल्यांदा अठराची ओळ वाचली. पहिल्या दिवसापासून.

जेवण: पूर्ण, पुन्हा मागितलं. बोलणं: खूप. फारच. मूड: हसरा. हसरा. हसरा. दोन महिन्यांत एक रडका चेहरा नाही! मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. जरा उशिरा झाला.

आणि निरोप. "आई, मांजरीने पिल्लं दिली. तीन. तू आली की दाखवतो." "आई, मले आज सूर्य काढता आला." "आई, मांजरीने पिल्लं नेली. आता नाई दाखवता येत." "आई, तू काय करून राह्यली?" "आई, आज पण उत्तर नाई आलं. कामात असशीन."

रोज एक. फोनवर एका दमात पळणारी पोर इथे रोज थांबून सरांना निरोप सांगत होती. तिला वाटत होतं, आईला सगळं पोचतंय. म्हणून शनिवारी पुन्हा सांगत नव्हती. आणि मी त्या प्रत्येक ओळीवर माझा अंगठा दाबून ठेवला होता.

सप्टेंबरच्या मध्यावर सरांचा एक शेरा: "विद्यार्थिनी सांगते की आईला वाचता येत नाही. यापुढे या पालकांना चित्रांतून कळवत आहे."

आणि खरंच, तिथून पुढे नुसती चित्रं. ताट. सूर्य. फूल. वर केलेला अंगठा. सरांनी किती निगुतीने टाकली होती! एका निरक्षर माऊलीला समजावीत म्हणून.

मी स्वराला हाक मारली. "तू सरांना सांगितलंस, मला वाचता येत नाही म्हणून?"

"हो." ती लाडवाचे हात फ्रॉकला पुसत म्हणाली. "वर्गातला मोनू म्हणे, तुही आई तुले इसरली. मी म्हटलं, नाई, तिले वाचता येत नाई."

मी तिला इतकी घट्ट धरली की ती ओरडली, "अवं, दम घुटते!"

राजीनामा मी सोमवारी दिला नाही. कोणत्या तोंडाने देणार? कारण काय लिहिणार? पोरगी आनंदात असल्यामुळे? आता मी दोन्ही ओळींना उत्तर लिहिते. रेवंताच्या मामीला विचारूनच. पण तिच्या उत्तराखाली "स्वराची आई" अशी सही करते. परवा सतराचा निरोप आला: "बाईला सांगा, मी खिचडी पूर्ण खाते. आता रोज विचारू नका."

पण त्या शनिवारचं सांगायचं राहिलं. घरी आल्यावर स्वराने मला ओसरीवर बसवलं, पाटी-पेन्सिल आणली आणि माझ्या मांडीत येऊन बसली. तिने सगळ्या प्रकरणाचा विचार केला होता. आईला वाचता तर येतं, ते सभेत सगळ्यांसमोर सिद्धच झालं. मग आई चुकली कुठे? तिच्या मते साधी गोष्ट होती.

"तुले अंक येत नाई," ती म्हणाली. "सतरा कोनता अन् अठरा कोनता, तुले कळत नाई. काढ, एकपासून."

मी सांगू शकले असते. बाई गं, मी दिवसभर नंबरच टाकते. पण ती मांडीत बसली होती, तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं, केसांना आंब्याच्या पानांचा वास येत होता. एरवी ती दोन मिनिटं मांडीत टिकत नाही. मी मुकाट्याने एक काढला. मग दोन. मधे मधे मुद्दाम चुकले. आठ उलटा काढला. तिने माझा हात धरून सुलटा करून घेतला. आत्याबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हळूहळू शिकव वं. नवीन हाये ते." सतरापर्यंत पोचायला आम्हाला एक तास लागला. मी लांबवता येईल तेवढं लांबवलं.

सोमवारी संध्याकाळी ग्रंथालयात शीट उघडली. अठरा. माझी अठरा. निरोप होता: "सर, आईले सतरापर्यंत येते. अठरा पुढच्या शनिवारी घेतो."

आणि त्यापुढे, मूडच्या रकान्यात नाही, पालकांच्या रकान्यात, सरांनी माझ्यासाठी पहिल्यांदाच एक चेहरा टाकला होता. रडका नाही. हसराही नाही. मधला!